समुद्राखालचा वायू आणि आपली चूल

आपल्या गोंदिया जिल्ह्यात तलाव आणि बोड्या पुष्कळ. उन्हाळ्यात तलावाचे पाणी आटले, की काठच्या गाळात काठी खुपसून बघा. बुडबुड करीत बुडबुडे वर येतात. पोरे त्याचा खेळ करतात. हे बुडबुडे कशाचे? गाळात पाने, गवत आणि शेवाळ कुजते. कुजताना त्यातून एक वायू निघतो. त्याला मिथेन म्हणतात. हा वायू जळतो. गावात कोणाकडे गोबर गॅस असेल, तर त्याच्या नळीतून जो पेटतो तोही मुख्यतः हाच वायू.

आता दुसरी वस्तू घ्या. एक रुपयाची कागदी नोट कोणाजवळ असेल, तर तिची मागची बाजू बघा. समुद्रात उभे असलेले एक मोठे यंत्र तिथे छापले आहे. त्याचे नाव ‘सागर सम्राट’.

तिसरी वस्तू घरातच आहे. ती म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली. तेव्हापासून ज्या घरी पूर्वी फक्त लाकडाची चूल होती, त्या घरीही सिलिंडर आले.

तलावातला बुडबुडा, नोटेवरचे यंत्र आणि घरचे सिलिंडर या तिघांचे नाते आहे. ते नाते आम्ही या पाठात सांगणार आहोत. पाठाच्या शेवटी सिलिंडर कसे वाचावे तेही सांगू. सिलिंडर वाचायचे असते म्हटले, तर हसू नका. अक्षर आले त्याचा खरा उपयोग तिथेच आहे.

वायू जमिनीच्या पोटात कसा गेला?

कोट्यवधी वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्रात बारीक बारीक वनस्पती आणि जीव होते. ते मेले, तळाशी बसले. त्यांच्यावर गाळ साचला. गाळावर गाळ चढत गेला. खालचा गाळ दडपला जाऊन त्याचा खडक झाला. पृथ्वीच्या पोटात उष्णता फार. त्या उष्णतेने आणि दाबाने त्या मेलेल्या जीवांचे तेल झाले, वायू झाला. तलावात जे चार दिवसांत होते, त्याच्यासारखेच काही तिथे कोट्यवधी वर्षांत झाले.

कोणाला वाटेल, खाली मोठी विहीर असेल आणि तीत तेल भरलेले असेल. तसे नाही. कोरी वीट पाण्यात टाका. ती पाणी पिते. बाहेरून मात्र कोरडी दिसते. तेल आणि वायू असेच खडकाच्या बारीक छिद्रांत भरलेले असतात. वायू हलका. तो वर वर सरकतो. वर घट्ट खडकाचे झाकण लागले, की तिथे अडकतो. असे झाकण कुठे आहे, ते शोधून काढणे हेच पहिले काम.

शोध कसा लागला?

तेल शोधण्यासाठी भारत सरकारने १९५६ साली एक आयोग नेमला. त्याला आज आपण ओएनजीसी म्हणतो. आयोगाने आधी जमिनीवर शोध केला. मग समुद्राकडे नजर वळवली. पण समुद्राच्या तळाखाली काय आहे, ते डोळ्यांना कसे दिसावे?

मडके घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो आणि आवाज ऐकतो. मडके पक्के की फुटके, ते आवाज सांगतो. शास्त्रज्ञांनी हीच युक्ती केली. १९६० नंतरच्या काही वर्षांत एक रशियन जहाज आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ फिरले. जहाजावरून पाण्यात मोठे आवाज करीत. आवाज तळाखाली जाई. निरनिराळ्या खडकांवर आपटून परत येई. तो किती वेळाने परत आला, याची नोंद होई. त्या नोंदींवरून तळाखालच्या खडकांचा नकाशा तयार झाला. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली खडकाचा एक मोठा उंचवटा आहे, असे त्यात दिसले.

उंचवटा दिसला म्हणजे तेल सापडले असे नव्हे. भोक पाडून पाहावे लागते. त्यासाठी जपानात ‘सागर सम्राट’ हे यंत्र बांधून घेतले. ते तराफ्यासारखे तरंगत नेता येते. जागेवर पोचले, की त्याचे लांबलचक पाय खाली सोडतात. पाय समुद्राच्या तळाला टेकले, की सगळे धूड पाण्याच्या वर उचलले जाते. मग लाटा खालून जातात आणि वर माणसे काम करतात.

१९७४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात सागर सम्राटच्या विहिरीत तेल लागले. जागा मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटर. तिचे नाव पडले ‘बॉम्बे हाय’. आज तिला मुंबई हाय म्हणतात. दोनच वर्षांनी, १९७६ साली, तिथून तेल निघू लागले. त्याच वर्षी वसईच्या समोर समुद्रात वायूचा मोठा साठा सापडला. म्हणून सागर सम्राटचे चित्र नोटेवर आले.

समुद्रात माणसे कशी राहतात?

मुंबई हायला पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. वीस-पंचवीस मजल्यांची इमारत तिथे उभी केली, तर जवळजवळ सगळी बुडेल. तेल आणि वायूचा खडक तळाच्याही खाली, हजार मीटरहून अधिक खोल. तिथपर्यंत पोलादी नळ उतरवतात.

पाण्यावर पोलादी खांबांचा मांडव असतो. त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. रेल्वेच्या फलाटाचे जे इंग्रजी नाव, तेच हे. काही प्लॅटफॉर्मवर नुसत्या विहिरी असतात. काहींवर तेल, पाणी आणि वायू वेगळे करण्याची यंत्रे असतात. काहींवर माणसांची राहण्या-जेवण्याची सोय असते. मुंबईच्या जुहू विमानतळावरून कामगार हेलिकॉप्टरने जातात. चौदा दिवस समुद्रात राहायचे, मग चौदा दिवस घरी. चौदा दिवस डोळ्यांना चहूकडे पाणीच पाणी. बिडी-काडी पेटवायची, तर त्यासाठी ठरवून दिलेली जागा असते. दुसरीकडे कुठेही ठिणगी पाडणे म्हणजे मरणाला बोलावणे.

तेलाचे एक बरे असते. ते जहाजात भरून नेता येते. सुरुवातीला तसेच केले. पण तेलाबरोबर जो वायू वर येई, त्याचे काय करायचे? पिंपात घालावा तर तो राहत नाही. म्हणून तो तिथेच जाळून टाकावा लागे. पुढे १९७८ साली समुद्राच्या तळाशी नळ टाकले. एक तेलाचा, एक वायूचा. ते रायगड जिल्ह्यातल्या उरणला आले. मग वायू कामाला लागला.

उरणच्या कारखान्यात काय चालते?

समुद्रातून येणारा वायू हा एकच वायू नसतो. ते एक कुटुंब आहे म्हणा ना. त्यात मिथेन सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत हलका. त्याच्याबरोबर इथेन, प्रोपेन, ब्यूटेन ही जड भावंडे असतात. शिवाय पाण्याची वाफ आणि इतर घाण असते. उरणला हे सगळे निवडतात. आपल्या गोंदियाच्या गिरणीत धान भरडल्यावर तांदूळ, कणी, कोंडा आणि भुसा निराळा निघतो. तसेच हे.

आधी वायूतले पाणी काढतात. मग वायूवर दाब देतात आणि त्याला थंड करतात. थंड झाल्यावर प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे पातळ थेंब होतात. ते गोळा करतात. तोच आपल्या सिलिंडरचा गॅस. सिलिंडर हलवले की आत काही डुबूक डुबूक हालते ना? तो पातळ झालेला वायूच असतो. देशभर तेलशुद्धीचे कारखानेही हा गॅस काढतात. पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या सिलिंडरच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून जहाजाने येतो.

मिथेन मात्र पातळ होत नाही. तो नळानेच पुढे जातो. ट्रॉम्बे आणि अलिबागजवळचे थळ इथल्या कारखान्यांत त्याचे खत होते. शेतकरी धानाला युरिया देतो, तो युरिया अशाच वायूपासून बनतो. म्हणजे समुद्राखालचा वायू चुलीत येतो आणि बांधीतही येतो.

वसईसमोरच्या साठ्यातला वायू गुजरातेत सुरतेजवळच्या हजिऱ्याला नेतात. समुद्रातला हा नळ दोनशे किलोमीटरहून लांब आहे. या वायूत सडक्या अंड्यासारखा वास येणारा एक विषारी वायू मिसळलेला असतो. हजिऱ्याला तो आधी वेगळा काढतात. तिथून पुढचे नळ मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशाकडे गेले. विदर्भ मात्र पुष्कळ वर्षे नळाविना राहिला. मुंबईहून नागपूरमार्गे ओडिशातल्या झारसुगुड्याकडे नळ टाकण्याचे काम गेल या सरकारी कंपनीने फार उशिरा हाती घेतले.

वायूचे पाणी कसे करतात?

चहाच्या भांड्यावर झाकण ठेवा. वाफ झाकणाला लागते, थंड होते आणि तिचे थेंब होतात. सगळ्या वायूंचा स्वभाव असाच आहे. पुरेसे थंड केले, की ते पातळ होतात. फरक एवढाच, की कोणी लवकर ऐकतो, कोणी उशिरा.

प्रोपेन आणि ब्यूटेन लवकर ऐकतात. नुसत्या दाबानेही ते पातळ होतात. म्हणून ते पोलादी सिलिंडरमध्ये राहतात. मिथेन हट्टी आहे. तो पातळ व्हायला शून्याच्या खाली १६२ अंश थंडी लागते. आता विचार करा. पाण्याचे बर्फ शून्य अंशावर होते. गोंदियात कडाक्याची थंडी पडली, तरी पारा शून्याच्या वर सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. त्यातही आपण शेकोटी सोडत नाही.

एवढी थंडी करायची कशाला? जागा वाचावी म्हणून. तनस सुटी भरली तर बंडी लगेच भरते. दाबून भारे बांधले तर त्याच बंडीत कितीतरी जास्त मावते. मिथेन पातळ केला, की ६०० घरांत मावणारा वायू एका घरात मावतो. मग तो जहाजात घालून सातासमुद्रापार नेता येतो.

हे काम कसे चालते, ते कतार देशात पाहायला मिळते. अरबस्तानच्या कडेला हा चिमुकला देश. त्याच्या समुद्रात १९७१ साली जगातला फार मोठा वायूचा साठा सापडला. पण वायू विकत घेणारे देश दूर. जपानपर्यंत समुद्रातून नळ कसा टाकणार? म्हणून त्यांनी किनाऱ्यावर रास लफान इथे वायू पातळ करण्याचे कारखाने उभारले. समुद्रातला वायू नळाने किनाऱ्यावर आणायचा. आधी त्यातले पाणी आणि इतर घाण काढायची. पाणी राहिले तर त्याचे बर्फ होऊन नळ तुंबतात. मग त्याला पायरीपायरीने थंड करायचे. घरच्या फ्रिजमध्ये जी युक्ती असते तीच, पण डोंगराएवढी. पातळ झालेला वायू दुहेरी भिंतींच्या टाक्यांत ठेवायचा. थर्मासमध्ये चहा ठेवतात तसा. तिथून १९९६ सालच्या अखेरीस पहिले जहाज निघाले.

आपल्याकडे २००४ सालापासून हा पातळ वायू गुजरातेत दहेज बंदरावर येऊ लागला. तो आणणाऱ्या एका जहाजाचे नाव ‘दिशा’. त्यात १ लाख ३८ हजार घनमीटर पातळ वायू मावतो. तो परत मोकळा केला, की आठ कोटी घनमीटरहून अधिक होतो. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळलाही असेच बंदर झाले. ते २०१३ साली सुरू झाले. तिथे लाटा अडवणारी भिंत पुरी झालेली नव्हती, म्हणून पावसाळ्यात जहाजे थांबवावी लागत. या दोन्ही ठिकाणी उलटे काम चालते. थंड वायूला ऊब द्यायची आणि परत वायू करून नळात सोडायचा.

मग कोणी विचारील, मुंबई हायचा मिथेन आपण पातळ का करत नाही? कारण गरज नाही. गिऱ्हाईक जवळच आहे. जवळच्या विहिरीचे पाणी पोहऱ्याने काढतात, त्याला टँकर लागत नाही. जवळ असेल तर नळ, समुद्रापार असेल तर जहाज, असा हा हिशेब आहे.

याची किंमत कोण देतो?

सिलिंडरचे पैसे आपण देतो. पण वायू काढताना काहींनी याहून मोठी किंमत दिली आहे.

२००५ सालच्या २७ जुलैला मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मजवळ ‘समुद्र सुरक्षा’ नावाचे जहाज आले. जहाजावरच्या एका जखमी माणसाला उपचारासाठी वर घ्यायचे होते. समुद्र खवळलेला होता. जहाज वायूच्या नळांवर आदळले. नळ फुटले, आग लागली. दोन तासांत तो प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ माणसे गेली. साडेतीनशेहून अधिक वाचली.

२०१९ सालच्या सप्टेंबरात उरणच्या कारखान्यात आग लागली. चौघे गेले. त्यांत आग विझवायला धावलेले जवान होते. २०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते नावाचे चक्रीवादळ आले. समुद्रातल्या कामावरच्या मजुरांचा एक तराफा त्यात बुडाला. पी-३०५ हे त्याचे नाव. सत्तरहून अधिक माणसे मेली. नौदलाने बाकीच्यांना लाटांतून ओढून काढले. त्यांच्यातले कितीतरी जण दूरच्या गावांतून पोटासाठी आलेले होते.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांनाही झळ बसते. प्लॅटफॉर्मच्या भोवती ५०० मीटरच्या आत होडी नेता येत नाही. सुरक्षेसाठी तो नियम हवाच. पण मासे काही नियम वाचत नाहीत. ते खांबांच्या आसऱ्याला जमतात आणि कोळ्याला ते दुरूनच पाहावे लागतात.

आणि साठा संपणारा आहे. मुंबई हाय आता उतरणीला लागली. विहिरी जुन्या झाल्या. जे व्हायला कोट्यवधी वर्षे लागली, ते आपण एका आयुष्यात उपसून काढतो आहोत. म्हणून भाजी शिजली की आच बंद करावी, डाळ भिजवून टाकावी, भांड्यावर झाकण ठेवावे. ज्याच्या गोठ्यात जनावरे आहेत, त्याने गोबर गॅसचा विचार जरूर करावा. ती आपल्या घरची खाण आहे. शेण असेल तोवर ती आटत नाही.

सिलिंडर वाचायला शिका

आता सांगितल्याप्रमाणे सिलिंडर वाचू. नवे सिलिंडर दारात आले, की ते आत घेण्याआधी पुढील गोष्टी बघाव्या.

१. तारीख. वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी म्हणजे सप्टेंबरपर्यंत, डी म्हणजे डिसेंबरपर्यंत. आकडे वर्षाचे. बी आणि ३० असेल, तर त्या सिलिंडरची तपासणी जून २०३० पर्यंत व्हायला हवी. ती मुदत उलटून गेली असेल, तर सिलिंडर घेऊ नका. परत करा.

२. वजन. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. आत गॅस १४.२ किलो असायला हवा. रिकामे वजन १५.३ किलो असेल, तर भरलेले २९.५ किलो भरले पाहिजे. सिलिंडर आणणाऱ्याला वजन करून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. मागायला लाजू नका.

३. टोपी आणि सील. सील फुटलेले असेल, तर घेऊ नका.

४. वास. या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो निसटला तर कळावा, म्हणून त्यात मुद्दाम घाणेरडा वास मिसळलेला असतो. तो वास म्हणजे घराचा राखणदार. त्याचे ऐका.

वास आला तर काय करायचे? आधी आच विझवा आणि रेग्युलेटर बंद करा. दारे-खिडक्या उघडा. काडी ओढू नका. विजेचे बटण चालू करू नका, आणि चालू असेल तर बंदही करू नका. बटणातही ठिणगी असते. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. म्हणून खाली झोपलेल्या लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना पहिल्यांदा बाहेर काढा. मग बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असावा. आजच भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सिलिंडर नेहमी उभे ठेवा. शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवा. रबरी नळीला चीर पडली, तर तिला चिंधी बांधू नका, नळी बदला. रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करा.

समुद्रावर काम करणारा माणूस प्रत्येक नळाची नोंद वाचतो आणि मगच यंत्राला हात लावतो. त्याच वायूचा शेवटचा नळ आपल्या घरात आहे. तोही वाचूनच हाताळावा. घरात ज्याला अजून अक्षर येत नसेल, त्याला पुढचे सिलिंडर येईल तेव्हा जवळ बसवा आणि त्यावरचे अक्षर व आकडे बोट ठेवून दाखवा.